अंगावरचा सदरा

“आधी आई बघा, मग लेकरू मागा.”

मावशी दारात आलेल्या प्रत्येकाला हे ऐकवायची. येणारा मोटारीतून उतरो की सायकलवरून, तिचा सूर बदलायचा नाही. ती कुत्र्यांची पैदास करायची. वस्तीच्या टोकाला दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, आणि ती शेड रोज सकाळी अशी धुतलेली की तिथे पाट मांडून जेवायला बसावं. कुत्र्या मोजक्याच. एकीची वीण झाली की तिला पुढे भरपूर विसावा. डॉक्टरने मादीची कंबर, डोळे, काळीज तपासून मान डोलावली नाही तर त्या मादीला पिल्लं होऊच द्यायची नाहीत, मग मागणारे कितीही उंबरे झिजवोत.

पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय ती आईच्या कुशीतून हलू द्यायची नाही. आणि नेलेलं कुत्रं पुढेमागे जड झालं तर ते तिच्याच दारी परत आणायचं, रस्त्यावर सोडायचं नाही, हे आधी कबूल करून घ्यायची. असं परत आलेलं एक म्हातारं कुत्रं तिच्या ओसरीत जावयासारखं लोळत असायचं. लोक म्हणायचे, हिच्याकडून पिल्लू मिळवण्यापेक्षा पोरीचं लग्न जमवणं सोपं. त्यावर मावशी म्हणायची, पोरगी निदान माहेरी निरोप तरी धाडते.

तिच्या दारात एक दिवस लॉन्ड्रीवाला आला. पांढरी पँट, पांढरा सदरा, इस्त्रीची धार अशी की बोट कापावं. धंद्याची जाहिरात तो अंगावर घालूनच फिरायचा. पण त्या दिवशी त्याच्या मनाला मात्र चुण्याच चुण्या पडलेल्या होत्या.

कारण होतं त्याचा बाप. म्हाताऱ्याने उभं आयुष्य धुतलेल्या कपड्यांची गाठोडी सायकलला बांधून घरोघर पोचवली. पुढे सायकल सुटली तरी पायी फिरणं सुटलं नव्हतं, कारण बरोबर कुत्रं असायचं. ते कुत्रं गेलं आणि म्हातारा दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसला. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत. म्हणजे पाय होते, उठायचं कारण उरलं नव्हतं. जेवणही हळूहळू खुर्चीतच यायला लागलं. हा माणूस असाच बसल्या जागी विझून जाणार, ही धास्ती लॉन्ड्रीवाल्याने कोणापाशी बोलून दाखवली नव्हती, बायकोपाशीसुद्धा नाही.

मावशीने त्याला पिल्लं दाखवलीच नाहीत. आधी आईपाशी नेलं. तांबूस रंगाची, लांब कानांची ती मादी उठून आली आणि तिने आपली ओलसर हनुवटी त्याच्या पांढऱ्या गुडघ्यावर टेकवली. त्याचा जीव कासावीस झाला, पण त्याने पाय हलवला नाही. मावशीने तेवढं टिपून घेतलं.

मग प्रश्न सुरू झाले. घरात दिवसभर कोण असतं, जिना किती उंच, दार रस्त्यावर उघडतं का. शेवटी तिने विचारलं, कुत्रं कोणाचं असणार? आणि तो बेधडक म्हणाला, माझं. त्याने बाजारात ऐकलं होतं की मावशी म्हाताऱ्यांना पिल्लू देत नाही. एका निवृत्त मास्तरांना तिने चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं म्हणे.

मावशीने मान हलवली आणि सांगितलं, ज्याचं कुत्रं त्याच्या अंगावरचा सदरा आणून द्या. दोन दिवस घातलेला, न धुतलेला. ही तिची रीत होती. तो कपडा ती पिल्लांच्या अंथरुणात टाकायची. पिल्लं त्यावर झोपायची, लोळायची, आणि नव्या घरी जाण्याआधीच त्या माणसाचा वास त्यांच्या नाकाला घरचा होऊन जायचा.

घरी ही फर्माईश ऐकून लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. आपल्या घरातून मळका कपडा बाहेर जायचा? बाई काय म्हणेल, यांच्याकडे साबण संपला? नवऱ्याने समजावलं, पण खोलीत तिच्या डोळ्यांसमोर सासऱ्याचा मळका सदरा खुंटीला लटकत होता आणि तिच्याच्याने राहवेना. तिने धुतला, खळ घातली, इस्त्री फिरवली, वर कागदात बांधून दिला. लॉन्ड्रीवाला तसाच घेऊन गेला. मावशीने पुडकं सोडलं, सदरा नाकाशी धरला आणि तिथल्या तिथे त्याच्या हातात परत दिला.

“हा माणसाचा नाही, दुकानाचा वास आहे. पिल्लू दुकानाला द्यायचंय का?”

तो ओशाळला. मावशी म्हणाली, राहू दे, तसंही मला घर बघायचंच आहे. घर बघितल्याशिवाय ती पिल्लू द्यायची नाहीच.

ठरल्या दिवशी ती चालत आली. दुकानात वाफ दाटलेली, दोरीवर चादरी, कोपऱ्यात गाठोडी. लॉन्ड्रीवाला तिला मागची खोली दाखवायला निघाला, पण मावशी दारातल्या खुर्चीपाशीच थांबली. स्टूल ओढून म्हाताऱ्यासमोर बसली. आधीचं कुत्रं कसं होतं ते विचारलं. म्हातारा सांगू लागला. ते कुठल्या कोपऱ्यावर अडून बसायचं, कोणाच्या गाठोड्याशेजारून हलायचं नाही. इतकं बोलताना सुनेने त्याला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. ती इस्त्री उभी करून ऐकत राहिली.

मग मावशीने विचारलं, “काका, वय काय तुमचं?”

“तुमच्या सगळ्या कुत्र्यांचं मिळून होईल त्याच्या वर,” म्हातारा म्हणाला.

“मग तुम्ही गेल्यावर त्या पिल्लाचं काय?”

लॉन्ड्रीवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. तो काही बोलणार, तोच म्हातारा खुदकन हसला. म्हणाला, या घरात सगळे माझ्याशी असे वागतात जणू मी इथे कायमचा आलोय. बरं झालं, कोणीतरी विचारलं.

मावशी लॉन्ड्रीवाल्याकडे वळली. “कुत्रं कोणाचं?”

“बाबांचं.”

खोटं का बोललात, असं तिने विचारलं. त्याने बाजारातलं बोलणं सांगून टाकलं. मावशीला राग आला नाही. ती सावकाश म्हणाली, “म्हाताऱ्यांना मी देते. ज्याने नंतरचं ठरवलेलं नाही, त्याला देत नाही. मास्तरांना मी एवढंच विचारलं होतं, त्यांना एक नाव घेता आलं नाही. तुमच्याकडे आहे का कोणी?”

लॉन्ड्रीवाल्याने तोंड उघडलं. पण बापाच्या देखत, बापाच्या मागचं बोलायला त्याची जीभ उचलेना.

“मी आहे,” सून म्हणाली.

कपड्यावरचा एक केस दिसला तर सबंध चादर पुन्हा पाण्यात टाकणारी बाई ती. ती पदर खोचून पुढे आली, सासऱ्याला म्हणाली, बाबा, हात वर करा. त्याच्या अंगावरचा सदरा उतरवला, कॉलर घामाने पिवळी पडलेली, कोपराशी चहाचा डाग. तिने त्याची घडीसुद्धा घातली नाही. तसाच मावशीच्या हातात दिला आणि वर बजावलं, हा धुवू नका हं.

पुढे पिल्लाला दोन महिने झाले आणि मावशी स्वतः ते घेऊन आली. म्हाताऱ्याला निवडायला लावलं नव्हतं. तिने तिच्या मनाने आणलं होतं. सगळ्यांत धिटुकलं नव्हे, सगळ्यांत देखणंही नव्हे. माणूस थांबला की थांबणारं, माणूस निघाला की निघणारं. तिने ते म्हाताऱ्याच्या मांडीवर दिलं नाही, खाली जमिनीवर सोडलं. पिल्लू हुंगत हुंगत खुर्चीपाशी गेलं आणि त्याच्या पायावर जाऊन बसलं, जणू फिरून परतलं होतं.

खाण्याचं, औषधांचं, जिन्याचं सगळं सांगून झालं. निघताना ती म्हणाली, मी जाताना याला आत नेऊ नका. मला जाताना त्याला बघू दे. नाहीतर घरभर शोधत बसेल.

ती रस्त्याला लागली. पिल्लाने मान उचलली, चार पावलं टाकली आणि कुंईकुंई करत तिच्या मागे धावलं. लॉन्ड्रीवाला पकडायला पुढे झाला, पण सुनेने त्याचा हात धरला. म्हातारा खुर्चीचे हात रेटून उठला होता. तो पिल्लामागे गेला, रस्त्याच्या कडेला वाकला आणि एक हात त्याच्या छातीखाली घालून त्याला धरून राहिला. मावशी चालत होती. पिल्लाचं रडणं तिला ऐकू येत असणार, पण तिने मागे वळून बघितलं नाही. फक्त चाल थोडी जलद केली. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी रस्त्याच्या कडेला ते दोघं तसेच बघत उभे होते.