हवा, लाइट आणि कच्छचं रण

किस्से गोळा करायला लोक कुठे कुठे हिंडतात. मी म्हणतो, एवढी दगदग कशाला? गाडीत हवेचा कंप्रेसर आणि जादा बॅटरी बसवा, आणि गावाला ते कळू द्या. किस्से आपल्या पायांनी चालत येतात आणि दारात उभे राहून हाका मारतात. मला तर आता त्या हाकांचा वीट आलाय!

नागावात किनाऱ्याजवळ माझा छोटासा होमस्टे आहे आणि एक जुनी फोर-बाय-फोर पिकअप आहे. पन्नाशी उलटली, कंबर कुरकुरायला लागली, तेव्हा ठरवलं की एकदा ही गाडी घेऊन कच्छच्या रणात जायचं. आता नाही तर कधीच नाही. बरोबर दोघं. एक अल्ताफ, ओमानच्या वाळवंटात ड्रायव्हरकी करून परत आलेला. दुसरा प्रवीण, रेवसचा ट्रकवाला.

अल्ताफ म्हणाला, "सुधीरभाई, रेतीत टायरची हवा कमी करायची, न्हायतर गाडी रुतते. डांबरावर आलो की परत भरायची." म्हणून कंप्रेसर. गाडीतल्या फ्रिजसाठी आणि दिव्यांसाठी दुसरी बॅटरी आणि इन्व्हर्टर. प्रवीणने आपल्या शेडमध्ये सगळं बसवून दिलं.

चाचणीला गाडी किनाऱ्यावर नेली. बायकोही हौसेने आली. अल्ताफ उतरला आणि त्याने चारही चाकांची हवा फुस्सकन सोडली.

बायको बघतच राहिली. "एवढा खर्च करून हवा भरायचं मशीन बसवलंत, आणि पहिलं काम काय, तर हवा सोडायची?"

आम्ही समजावून सांगेपर्यंत ती चालत घरी पोचली होती.

* * *

शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या वाळूत रुततात. हे ठरलेलंच. एकदा मुंबईचे एक साहेब रुतले. अल्ताफने त्यांच्या टायरची हवा सोडायला घेतली तर ते ओरडायला लागले, "पंक्चर करून पैसे उकळता काय?" कसंबसं शांत करून गाडी बाहेर काढली आणि कंप्रेसरने हवा भरायला लागलो.

साहेबांनी काच खाली केली. "नायट्रोजन आहे ना?"

अल्ताफ गंभीरपणे म्हणाला, "न्हाय साहेब, नागावची हवा हाय. जरा सुक्या मासळीचा वास येईल."

* * *

मग गावाने गाडी दत्तक घेतली. कुणाची सायकल, कुणाचा फुटबॉल, किनाऱ्यावरच्या दिनेशची हवेने फुगवायची बनाना बोट. सकाळी चहाचा कप हातात घेतला की दिनेश दारात. आठवड्याला एकदा कच्छची तारीख ठरायची, आठवड्याला एकदा पुढे जायची.

शेजारच्या मालतीकाकूंनी वाल झोडपले होते. "सुपाने पाखडून हात भरून आले रे. तुझ्या त्या नळीने कचरा उडव जरा."

मी नळी धरली आणि चाप दाबला. कचरा उडाला. वालही उडाले! अर्धे थेट काकूंच्या विहिरीत.

काकू काठावर वाकून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. बिरड्याला भिजवायचेच होते."

* * *

प्रवीणच्या भावाची हळद होती. ऐन रंगात लाइट गेली, स्पीकर बंद पडले. प्रवीण धावत आला. "दादूस, एकच गाणं!"

आता दुसरी बॅटरी वेगळी ठेवतात ती एवढ्याचसाठी की ती संपली तरी गाडी सुरू व्हावी. पण आवाज कमी पडतोय म्हणून प्रवीणने दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडल्या. एका गाण्याची वीस गाणी झाली आणि दोन्ही एकदम मेल्या. शेवटी हळदीने माखलेल्या नवरदेवासकट सगळ्यांनी गाडीला धक्का मारला.

मागच्या फळीवर पिवळे पंजे उमटलेत. नवरदेवाची हळद उतरली, त्याला मूल झालं, पण गाडीची काही उतरली नाही.

* * *

आणि शेवटी एकदाचे निघालो! बॅगा भरल्या, फ्रिजमध्ये सुरमई ठेवली, आदल्या संध्याकाळीच प्रवीण मुक्कामाला आला. सकाळी अल्ताफला घ्यायला त्याच्या दारात गेलो, तर तो बॅग न घेताच बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

रात्रीच्या वाऱ्याने पलीकडे तारांवर झाड पडलं होतं. लाइट नाही, पुढे दवाखान्याचा रस्ता बंद. त्याचे अब्बा ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. घरात होता तो सिलिंडर संपत आलेला.

प्रवीणने गाडीच्या इन्व्हर्टरला वायर जोडली, खिडकीतून आत घेतली. मी इंजिन चालू ठेवलं. आत मशीन घरघरायला लागलं.

दिवसभर आम्ही पायरीवर बसून होतो. मी डिझेलच्या काट्याकडे बघत होतो, अल्ताफ अब्बांच्या छातीकडे. खोटं कशाला बोलू, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. इंजिन जरा अडखळलं की मी उठून बॉनेटवर हात ठेवायचो. अब्बा ग्लानीतच होते. घाबरतील म्हणून त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

दिवेलागणीला लाइट आली. मशीन घरच्या प्लगला लावलं, मी इंजिन बंद केलं. अल्ताफ तोंड फिरवून रडला. प्रवीणने सुरमई काढून अल्ताफच्या बायकोच्या हातात दिली.

थोड्या वेळाने अब्बांनी डोळे उघडले. खिडकीतून बराच वेळ गाडीकडे बघितलं, मग मला जवळ बोलावलं.

"सुधीर, गाडी चांगली हाय रे. पण बघावं तवा कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी. कदी कुठं जात न्हाय काय?"