आप्पांचं पाचवं प्रकरण

शिल्पाचा फोन आला तेव्हा मी फार्मसीत गोळ्या मोजत होते. "आप्पा गेले गं, सकाळी... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. शिल्पा म्हणजे आप्पांची सून. फोन ठेवला आणि गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, कारण आकडा विसरले होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

आप्पांची ओळखही याच काउंटरवरची. २००४ साली ते कोल्हापूर सोडून इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला मुलाकडे कायमचे आले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले आणि माझ्या बॅजवरचं नाव वाचून थेट मराठीतच सुरू झाले. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत कंपाउंडर होते. तिथे पोलंडची निर्वासित माणसं राहत, त्यांच्या पोरांशी खेळता खेळता आप्पा पोलिश शिकले. आणि इथे लायब्ररीत त्यांना भेटल्या एक पोलिश आजी, त्याच युद्धात पोरक्या होऊन न्यूझीलंडला आलेल्या. आजींनी कपाटभर जुन्या कादंबऱ्या वाचायला दिल्या, मग काय विचारता! आप्पांनी पुस्तकच लिहायला घेतलं. विषय: उत्क्रांतिवादाचा पोलिश वास्तववादी कादंबरीवर झालेला परिणाम. तेही मराठीत. हे वाचणार कोण, असं मी तोंडावरच विचारलं. "तू," आप्पा म्हणाले. मी कादंबरीत लग्न जुळतं की नाही एवढंच बघणारी बाई, असं सांगितलं, तर म्हणाले, "तेच बरं. जाणकार मंडळी न वाचताच मान डोलावतात."

हाताने लिहिलेलं प्रकरण पावसात भिजू नये म्हणून ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून आणत. घरात सगळ्यांना वाटे, आइस्क्रीमच आणलंय. प्रत्येक प्रकरणात भर मजकुरात कुठेतरी एक ओळ असे: 'इथवर आलीस तर फोन कर, चहा टाकतो.' कॉलेजातल्या नोट्समध्येही ते असंच काहीतरी घुसडून द्यायचे म्हणे. पहिल्या वेळी ती ओळ सोळाव्या पानावर सापडली, दुसऱ्या वेळी बाविसाव्या. मी फोन करायची, जायची, आलं ठेचून केलेला चहा प्यायची आणि न कळलेलं विचारायची. ते म्हणत, त्या लेखकांचा देशच तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, नकाशावर उरला नव्हता, त्यामुळे 'टिकायचं कसं' हा त्यांचा घरचाच प्रश्न. समाज म्हणजे एक शरीर, प्रत्येकाने आपापलं काम करावं, असं ते लेखक मानत. त्यांच्या कादंबऱ्यांत धूर्त दुकानदार तगतो आणि भाबडा मास्तर संपतो, नियमाप्रमाणे. "पण पानं कुणाला जास्त दिलीत, ते मोज," आप्पा म्हणाले. मी खरंच मोजली. मास्तरला.

स्वतः आप्पा इथे फारसे रुळले नाहीत. नातू इंग्रजीत बोले, मुलगा-सून दिवसभर कामावर. "जरा जुळवून घ्या की," असं मी एकदा फटकन बोलले. ते नुसते हसले. आज त्या वाक्याची लाज वाटते.

पाचवं, शेवटचं प्रकरण आलं ते या हिवाळ्यात. माझी ड्युटी बदललेली, सासूबाई भारतातून आलेल्या. डबा फ्रीजवर तीन आठवडे पडून राहिला. आप्पांनी फोन करून विचारलं, वाचलंस का. मी म्हणाले, "हो आप्पा, मस्त झालंय." ते नुसतं "बरं," म्हणाले... फोन ठेवल्यावर मला ती चहाची ओळ आठवली आणि जीभ चावली. म्हटलं, रविवारी वाचून फोन करू. असे चार रविवार गेले.

डबा अजून फ्रीजवरच असतो. परवा शिल्पा विचारत होती, त्या कागदांचं काय करायचं. राहू देत माझ्याकडे, म्हटलं. ते प्रकरण मी वाचलं, आप्पांच्या तेराव्यानंतर, एका बैठकीत. ओळ शोधत शोधत शेवटपर्यंत जावं लागेल अशी माझी समजूत. ती होती दुसऱ्याच पानावर. मी दमून घरी येते हे आप्पांना ठाऊक होतं. म्हणून या वेळी त्यांनी ती इतक्या जवळ आणून ठेवली होती.