कात्रपच्या क्लासमधलं बंजी जंपिंग

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. दिवाळीत माळा आवरायला घ्यावा आणि कोणीच न आणलेल्या किटल्या निघाव्यात, तसं आमच्या क्लासचं आहे. परवा मैत्रिणींमध्ये बंजी जंपिंगचा विषय निघाला आणि मला पाटणकर सर, सुमनकाकू, लछमनभाई आणि आमचे बाबा ओळीने आठवले.

क्लास इंग्रजीचा, म्हणजे बदलापूरला, कात्रपमध्ये, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. पाटणकर सर रिटायर्ड मास्तर आणि मी नुकतीच बी.ए. झालेली त्यांची असिस्टंट. सरांचा एक नियम होता. नवीन शब्द शिकलात की त्याचं वाक्य आपल्या घरातलं करायचं. पुस्तकातलं चालणार नाही.

त्या वर्षी सरांनी नवं पुस्तक आणलं. त्यात एक धडा साहसी खेळ आणि धोक्याच्या शब्दांचा होता. त्यातला एकही खेळ क्लासमध्ये कोणी पाहिलेला नव्हता. मी तेवढी कॉलेजच्या ग्रुपबरोबर चंदेरी किल्ल्याचे कडे चढत होते आणि हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या कोर्सला माझं नाव लागलं होतं. कोर्सवाल्यांना वडिलांची लेखी परवानगी हवी होती आणि बाबा 'नाही' म्हणून बसले होते. मला मत देता येत होतं, नोकरी करता येत होती. डोंगर चढायला मात्र बाबांची सही लागत होती.

*

सरांनी फळ्यावर एक पूल काढला. पुलाला दोरी, दोरीला उलटा माणूस. म्हणाले, "बंजी जंपिंग."

सुमनकाकू मांजर्लीला आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायच्या. मुलगा अमेरिकेत, सून तिकडचीच, म्हणून इंग्रजी शिकत होत्या. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं.

"सर, हा मेलाय की जिवंत आहे?"

"जिवंत आहे. हौसेने उडी मारलीय त्याने."

"आणि घरच्यांना माहीत आहे?"

सरांनी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात ते दिलेलं नव्हतं.

*

सोनिवलीचा गणपत दुधाचा रतीब घालून थेट क्लासला यायचा. त्याला 'डेअरडेव्हिल', म्हणजे जिवावर उदार माणूस, हा शब्द आला. त्याने उभं राहून सांगितलं, "माय ग्रँडमदर इज अ डेअरडेव्हिल. शी क्रॉसेस द रिव्हर होल्डिंग द टेल ऑफ द बफेलो."

"पावसाळ्यात?" सरांनी विचारलं.

"पावसालीच. उन्हाल्यात पाणी कुठं असतं?"

"पण गणपत, हा काही खेळ नाही."

"आजी पण तेच सांगते सर. म्हैस ऐकत नाय."

*

आता बाबा. बाबा अंबरनाथला एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. कंपनीतल्या जुन्या पाट्या ते घरी आणत. आमच्या गॅसवर 'डेंजर', गीझरवर 'डेंजर', गच्चीच्या दारावर कवटीसकट 'डेंजर'. त्या कवटीच्या खिळ्याला सुमनकाकू पापडाचं प्लास्टिक अडकवायच्या.

मी बाबांना म्हटलं, "दिवसभर त्या वायूंच्या टाक्यांजवळ उभे राहता, आणि मला डोंगर धोकादायक?"

"टाकीला काय होऊ शकतं ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "डोंगराचं माहीत नाही. जे मी तपासलेलं नाही, तिथे मी माणूस पाठवत नाही."

"मी माणूस नाही, मुलगी आहे तुमची."

"म्हणूनच."

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचं हे असं. 'म्हणूनच' म्हणाले की चर्चा संपली.

*

त्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. बाबांनी शिट्टी काढली. कंपनीतल्यासारखा सोसायटीतही त्यांनी एक असेंब्ली पॉइंट ठरवला होता, हिरव्या रंगाची पाटी लावून. संकट आलं की सगळ्यांनी तिथे जमायचं. पाटी फाटकापाशी होती आणि फाटक सगळ्यात खोलगट जागी.

बाबांनी वरच्या मजल्यांवरची सगळी बिऱ्हाडं रांगेने खाली आणली आणि पाटीखाली गुडघाभर पाण्यात उभी केली. हजेरी घेतली. कोणीही गैरहजर नव्हतं. पाणी मांडीला लागलं तेव्हा आईने, "मी कुकर लावायला चाललेय," असं जाहीर केलं आणि तिच्यामागून सगळे वर गेले.

पुढच्या आठवड्यात क्लासला 'रेस्क्यू' शब्द होता. सुमनकाकू उभ्या राहिल्या.

"माय नेबर रेस्क्यूड मी फ्रॉम माय ड्राय हाउस."

व्याकरण बरोबर होतं. मी शाबासकी दिली.

*

लछमनभाईंचा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पँट शिवायचा कारखाना. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून ते क्लासला येत. धड्यात 'हार्नेस' आला. कमरेला आणि मांड्यांना आवळायचे पट्टे, ज्यात माणूस दोरीला लटकतो. मी समजावून सांगितलं. लछमनभाईंनी पुस्तकातलं चित्र बोटाने मोजलं आणि पुढच्या आठवड्यात पिशवीतून हार्नेस काढला.

"साईं, सॅम्पल बनाया है. डबल सिलाई."

सरांनी तो पँटवर चढवून दाखवला. बक्कल बसलं ते बसलंच. सरांनी उरलेला तास त्यातच घेतला. मग तसेच जिना उतरले, गिरणीवर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांमधून गेले आणि हार्नेससकट घरी पोचले. दुसऱ्या दिवशी लछमनभाईंनी येऊन पक्कड लावून तो सोडवला.

सर बोलणार तेवढ्यात लछमनभाईच म्हणाले, "देखा? छूटता ही नहीं."

*

हा किस्सा मी घरी जेवताना सांगितला. आई हसली. बाबांचा घास हातातच राहिला.

"सुटत नाही?"

"नाही."

"घेऊन ये."

मी सांगितलं की कोर्समध्ये चांगलं सामान देतात. बाबा म्हणाले, ते मी तपासलेलं नाही. मी त्यांच्याशी भांडले आणि हार्नेस घेऊन आले. आई बाजारात गेल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. माझ्या ग्रुपच्या दोऱ्या मी पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधल्या. बाबांनी कंपनीची पद्धत लावली: आधी वाळूचं पोतं, मग माणूस. पोतं खाली जाऊन सुखरूप वर आलं.

"आता दोरी कोण सोडणार?" मी विचारलं.

"तू. शिकलीयस ना?"

बाबांनी हार्नेस चढवला, मी दुसरी दोरी त्यांच्या छातीला बांधली. बाबांनी प्रत्येक गाठ ओढून पाहिली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि कठड्यावरून पाय बाहेर टाकले. मी हळूहळू दोरी सोडत गेले. त्यांचं सगळं वजन माझ्या हातांत आलं. तोपर्यंत ते इतके जड असतील असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या मजल्यापाशी ते म्हणाले, "थांब." मी थांबवलं. सुमनकाकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

"भाऊ, जिवंत आहात ना?"

"आहे."

"हौसेने?"

"टेस्टिंग."

काकूंनी हातातला टॉवेल वाळत घातला, त्याला चिमटा लावला. बाबा तिथेच गोल फिरत राहिले. मग त्यांनी खिशातून कोर्सच्या परवानगीचा कागद काढला.

"सुमनताई, पेन आहे का?"

काकूंनी पेन आणून दिलं. बाबांनी एका हाताने त्यांच्या गॅलरीचा गज धरला, कागद कठड्यावर ठेवला आणि सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. पेन परत दिलं.

"वहिनींना माहीत आहे?" काकूंनी विचारलं.

"तिला काही सांगू नका."

खाली फाटकापाशी, असेंब्ली पॉइंटच्या पाटीखाली, आई भाजीची पिशवी घेऊन उभी होती.