बडतर्फ काझीचं घर

आमच्या घरात 'बडतर्फ' हा मानाचा शब्द होता. कित्येक पिढ्यांमागे, सुलतानांच्या अमलात, आमचे एक पूर्वज कोकणात काझी होते. गावोगावचे तंटे तेच तोडायचे. एका सरदाराने कोळ्याची होडी बळकावली, त्यांनी निकाल कोळ्याच्या बाजूने दिला आणि दरबाराने त्यांना बडतर्फ केलं. बाबा ही गोष्ट अशी छाती फुगवून सांगत की इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मला बडतर्फ म्हणजे बडा, काझीच्याही वरचा हुद्दा वाटायचा.

घराण्याच्या त्या नावावरच बहारीनमधली कोकणी मंडळी आपली भांडणं आमच्या माहूजच्या फ्लॅटवर आणत. बाबा एका कंपनीत साधे क्लार्क. शुक्रवारी दुपारी मात्र ते काझी असत, आणि तो तोरा त्यांना आवडायचा.

एका शुक्रवारी आमच्याच गावचा एक मेकॅनिक आला. त्याची आई गावी अंथरुणाला खिळली होती आणि त्याचा मालक, गॅरेजवाला, ठेवून घेतलेला पासपोर्ट देत नव्हता. गॅरेजवालाही कोकणीच, समोरच बसलेला. तो बाबांच्या मॅनेजरचा भाऊ होता. बाबांनी दोघांचं ऐकलं, घसा साफ केला.

"हातातला काम पुरा कर, मंग जा," ते मेकॅनिकला म्हणाले. "इंशाल्ला, आयेला बरा वाटंल."

मी सरबताचा ट्रे धरून उभी होते. बाबांनी निकाल दिला, याचाच मला कोण अभिमान. मी विचारलं, "बाबा, आता तुम्ही पण बडतर्फ होणार?"

 मेकॅनिक हसला.

"नाय गो पोरी," तो म्हणाला, "तुजा बाबा कदी बडतर्फ व्हनार नाय."

मी खूश होऊन आईकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून आत निघून गेली. मंडळी पांगल्यावर तिने मला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगितला. मला बाबांची लाज वाटली, आणि आपल्याला बाबांची लाज वाटते आहे याची त्याहून जास्त.

मेकॅनिकची आई वारली तेव्हा पासपोर्ट गॅरेजच्या कपाटातच होता. बाबा मला घेऊन त्याच्या झिंजमधल्या खोलीवर समाचाराला गेले. खोलीत एकच खुर्ची होती. तिच्यावरचे कपडे उचलून त्याने ती बाबांसाठी पुसली आणि स्वतः खाली फरशीवर बसला. बाबा जरा वेळ तसेच उभे राहिले. त्याने "बसा" म्हटलं, आणि ते बसले.