चोपड्याच्या भिंतीवरचा शिपाई

देव मी मानतो तो आईपुरता, आणि असल्या गोष्टी वाचतो त्या हसायला. तरीही लिहितोय... कारण मनातून जात नाही.

आई माझी ऐंशी ओलांडलेली, माहेर कोरगावचं. ती पोटात असताना तिचे वडील शेजारच्या चोपडे गावच्या एका मित्राबरोबर इंग्रजांच्या फौजेत गेले — मोठ्या लढाईवर. दोघेही परतले नाहीत. आजीनं ते वारले असं कधी मानलंच नाही, म्हणून पितृपक्षात म्हाळाला त्यांचं पानही वाढलं नाही. आईनं बापाचं तोंड फोटोतही पाहिलेलं नव्हतं. आता काचबिंदूनं नजर चाललेली, आणि तिचा एकच हट्ट — डोळे जायच्या आत बाप बघायचा.

यंदा चोपड्याच्या त्या मित्राच्या घरी फोटो मिळाला. दोन शिपाई. खुर्चीत बसलेला मिशाळ, रुबाबदार — तो त्यांचा आजोबा. तेवढाच मोठा करून, हार घालून भिंतीवर लावलेला. मागे उभा असलेला सडपातळ माणूस कोण, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे तोच आपला! मी खुशीत कॉपी घेऊन आलो.

आईनं फोटो डोळ्यांजवळ धरला. "बाबू, देवाक विचारून घे. दुसऱ्याच्या बापायक आपलो म्हणूंक जायना."

कोरगावच्या देवळात गुरवानं मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "हो उबो आसा, तो हिचो बापूय?" त्यानं गाऱ्हाणं घातलं... डावी पडली.

आईचा चेहरा उतरला. मला रागच आला. म्हटलं, "परत लावा. आता मी मनात विचारतो, मोठ्यानं नाही." आणि चिडून मनात म्हटलं — मग काय तो खुर्चीतला?

उजवी पडली. मी फोटो उचलून त्या मिशाळाकडे बघितलं.

आईला सांगावंच लागलं. "चल चोपड्याक," एवढंच म्हणाली. गाडी चालवताना एकच विचार... भिंतीवरचा आजोबा तुमचा नव्हे, हे कुणाच्या घरात जाऊन कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि तेही पाकळीवरून!

त्या घरचा साठीचा नातू सगळं ऐकत राहिला. आता दार दाखवतो, असंच मला वाटलं. पण तो भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, "आमची आजी ह्या फोटोक कधीच पायां पडली ना. बारक्या फोटोंतल्या त्या उब्याकडे बघून रडताली. आमी म्हणटाले, म्हातारेक भ्रम जालो."

स्टुलावर चढून त्यानं फ्रेम काढली, आईच्या मांडीवर ठेवली. "मावशी, इतकी वर्सां म्हाळाक आमी तुज्या बापायक पान वाडलें गो."

आईनं काच पदरानं पुसली, वाकून वाकून बघितलं. "म्हणजे तो उपाशी नव्हतो," म्हणाली, आणि रडली. मीही रडलो.

पाणी सुकलं म्हणून पाकळी पडली म्हणा, योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. पण प्रश्न मी तोंडातून काढलाच नव्हता... तो ऐकला कुणी?

आईला आता दिसत नाही. बापाच्या मिशा कशा होत्या, ते मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. आणि मी अजूनही म्हणतो, आपला नाही विश्वास. फक्त देवळात गेलो की मनात काही विचारत नाही.