थोरली जीप

आज लोहारा गावातल्या गॅरेजमध्ये रफिकभाईंनी बाबांच्या जुन्या जीपचं बॉनेट उघडलं आणि पेट्रोलच्या वासासरशी तो दिवस समोर आला.

दिग्रसहून पाहुणे मला पाहायला आले होते. अंगणात बाबांची लाल, उघडी, दोन सीटची गाडी चमकत होती. शेजारी चिखलानं माखलेली जीप. बाबा म्हणाले, "थोरली आमची जीप हाय. रूप नाही, पन कुठंबी घाला, चालते. लाल गाडी म्हंजे धाकटी!" पाहुणे हसले. चहाचा ट्रे धरून मीही हसले. त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला पसंत केलं.

लाल गाडी केव्हाच विकली. धाकटी दिवाळीला येते, फोटो काढून जाते. बाबा अंथरुणावर आहेत. त्यांची कूस मीच बदलते. काल म्हणाले, "तुले माह्यामुळं लय तरास होते ना?"

"जीपले कायचा तरास, बाबा?" म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.