फोमच्या कमानी

अहिल्या सामंतला खोट्या बांधकामाचा मनापासून तिटकारा, आणि राहायला ती होती अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत! जिकडे पाहावं तिकडे फोमचे खांब, वर दगडी रंगाचा गिलावा. बोटाने दाबलं तर खड्डा पडेल.

पेशाने ती आर्किटेक्ट. शिकत असताना इंग्लंडमधल्या एका बाजारगावातली जुनी मंडई तिने टेप लावून मोजली होती. वर सभागृह आणि घड्याळाचा मनोरा, खाली चहूबाजूंनी उघड्या कमानी. लोणी-अंडी विकणाऱ्या बायकांनी पावसात भिजू नये म्हणून बांधलेल्या. त्या कमानींवर तिचा जीव जडला तो कायमचा. म्हणून प्रसाद नावाच्या बिल्डरने तिची ती जुनी रेखाटनं पाहून शॉपिंग सेंटरसाठी "सेम तशी बिल्डिंग" मागितली तेव्हा ती हरखूनच गेली. आई गेल्यापासून बाबा तिच्याकडे राहत होते. रोज संध्याकाळी फिरायला जायचे आणि गुडघे धरून परत यायचे. वाटेत टेकायला ना कट्टा, ना सावली. "बाबा, माझ्या कमानींखाली बाकं असतील," तिने शब्द दिला.

काम सुरू झालं आणि प्रसादने कमानी बुजवायला सांगितल्या.

"यार अहिल्या, प्रॅक्टिकल हो. बाकं ठेवली की लोक बसून राहतात, शॉपिंग करत नाहीत. तिथे अजून एक स्टोअर बसतंय. कमानी बाहेरून चिकटवू ना!"

तिला शिसारी आली. ती भांडली, काम सोडायची धमकी दिली. सोडलं मात्र नाही. कमानी फोमच्या झाल्या. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटेसुद्धा रंगवलेले. शी!

उद्घाटनाला बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. ऊन मी म्हणत होतं. एका कमानीत शिरायला गेले आणि भिंतीला अडले. हसले बिचारे. मग कोपऱ्यातल्या उंचवट्यावर जरा टेकले, तर गार्ड धावत आला. "सर, यू कान्ट सिट हिअर."

बाबा ओशाळून उठले. अहिल्याला सगळ्याचीच किळस आली. प्रसादची, त्या पिवळट गिलाव्याची आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

"असू दे गं," आधारासाठी भिंतीला हात लावत बाबा म्हणाले. "हा दगड तरी खरा आहे बघ. ठोकून पाहिला मी."

त्यांचा हात कोनशिलेवर होता. बोटांच्या फटींतून अक्षरं दिसत होती. आर्किटेक्ट, अहिल्या सामंत.